आठ ओहमचा हिमरू

होम थिएटर म्हणजे चित्रपटगृहातील आवाज घराच्या हॉलमध्ये आणू पाहणारी यंत्रयोजना, अशी तिची सर्वसाधारण व्याख्या करता येईल. या योजनेचे दोन प्रकार संभवतात: विकत घेतलेली आणि साठत गेलेली. पहिल्या प्रकारात सर्व घटक एकाच खोक्यातून, एकाच रंगात आणि एकाच वॉरंटीखाली घरात प्रवेश करतात, त्यामुळे अभ्यासकाला तेथे फारसे काम उरत नाही. दुसऱ्या प्रकाराचे उगमस्थान मात्र घरातला माळा हे असून ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे त्याचे मूलतत्त्व होय.

छत्रपती संभाजीनगरात या दुसऱ्या प्रकाराला पोषक भूमी लाभली. पैठण रस्त्यावरील चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना भरात होता त्या काळात अनेकांच्या नात्यात कोणी ना कोणी ‘कंपनीत’ असे, आणि जुन्या वस्तूला नवा मालक मिळवून देण्यास जाफर गेटचा आठवडी बाजार समर्थ होताच. परिणामी गारखेड्यातील एखाद्या प्रातिनिधिक हॉलमध्ये पुढचे दोन स्पीकर निवर्तलेल्या डेकचे, मधला बंद पडलेल्या डीव्हीडी संचाचा, मागचे दोन मेहुण्याने घर बदलताना ‘तुम्हालाच राहू द्या’ म्हणून दिलेले, धीरगंभीर आवाज काढणारा सबवूफर बाजारातला, आणि ध्वनीची वाटणी करून प्रत्येकाला वीजशक्ती पुरवणारा रिसीव्हर तेवढा नवा, असे एकत्र कुटुंब नांदताना आढळते.

या कुटुंबातील पहिला कलह संरोधाचा असतो. विजेच्या प्रवाहाला स्पीकर जो अडथळा करतो त्याला संरोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. ज्याचा ओहम कमी, त्याची भूक मोठी, असे हे उफराटे गणित आहे. स्वतंत्र विकले जाणारे स्पीकर बहुधा ६ किंवा ८ ओहमचे असतात, तर खोक्यातल्या संचांचे अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे. एका टोकाला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की रिसीव्हरला ते मिळून ४ ओहमचे भासतात, म्हणजे एकाच पाइपावर दोन नळ सोडल्यासारखे होते, आणि काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशा वेळी रिसीव्हर तापतो आणि खलनायक पडण्याच्या नेमक्या क्षणी पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ असा शब्द उमटवून मौन धारण करतो; गृहस्थ मात्र त्या शब्दाला चित्रपटाचाच भाग समजून काही काळ वाट पाहतात.

दुसरा कलह संवेदनशीलतेचा. १ वॉट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, हे तिचे माप. ९० डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज ८४ डेसिबलच्या स्पीकरकडून काढायचा तर त्याला चौपट शक्ती द्यावी लागते, कारण दर ३ डेसिबलमागे शक्ती दुप्पट होते. हे गणित ज्यांना मान्य नसते ते खोक्यावरील ‘पीएमपीओ’ या आकड्याचा आधार घेतात. क्षणभर निघू शकणाऱ्या कमाल शक्तीचा दावा करणाऱ्या या आकड्याला सर्वमान्य मोजमाप नसल्याने तो वधूपक्षाला सांगितलेल्या पगाराप्रमाणे ऐकून घ्यायचा असतो.

तिसरा आणि असाध्य कलह आवाजाच्या पोताचा. तोच सूर दोन स्पीकरांतून दोन तऱ्हांनी ऐकू येतो, आणि त्यामुळे डाव्या स्पीकरमधून मोटार म्हणून निघालेले वाहन मधल्या स्पीकरपाशी रिक्षा होते व उजवीकडे पोहोचेपर्यंत त्याचा ट्रक झालेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर शहराच्याच इतिहासात सापडते. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा विणकरही इकडे आले आणि त्यांच्यापासून हिमरूची कला रुजली, अशी परंपरा आहे. त्यानंतर बरोबर ५०० वर्षांनी, १८२७ मध्ये, गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने आपला नियम ग्रंथरूपाने मांडला. या दोन घटनांचा संबंध अद्याप कोणी जोडलेला नसला तरी तो स्पष्ट आहे. हिमरू हे सूत आणि रेशीम यांचे मिश्र वस्त्र. परंतु विणकर दोन्ही धागे वाटेल तसे मिसळत नाही, तर सुताचा ताणा धरून नक्षीसाठी रेशीम वर काढतो. मिश्र संचातही पुढचे तीन स्पीकर एकाच पोताचे हवेत, कारण वाहने आणि संवाद त्यांच्यावरूनच जातात. मागे पाऊस आणि टाळ्या वाजवायला मेहुण्याकडचे चालतात.

उरलेली तडजोड रिसीव्हर करतो. स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’, असे तो विचारतो. ‘स्मॉल’ म्हटले की साधारण ८० हर्ट्झखालचे सूर सबवूफरकडे जातात आणि स्पीकरचा भार हलका होतो, तरीही कमरेइतक्या उंच पेटीला स्मॉल म्हणणे गृहस्थांच्या जिवावर येते. नंतर सोफ्यावर कानाच्या उंचीला मायक्रोफोन ठेवून प्रत्येक स्पीकरची पातळी आणि अंतर मोजले जाते. या वेळी पूर्ण शांतता अपेक्षित असते. तथापि “कोणी बोलू नका” हे वाक्य गृहस्थ स्वतःच सर्वांत मोठ्याने उच्चारतात, त्याला स्वयंपाकघरातून “अहो, मग कुकर बंद करू का?” असे उत्तर येते, आणि कुकर आपले उत्तर स्वतंत्रपणे देतो. एवढे होऊनही सबवूफरचे अंतर प्रत्यक्षाहून बरेच जास्त निघते; त्याच्या अंतर्गत मंडलात आवाजाला होणारा उशीर रिसीव्हर अंतर म्हणूनच मोजतो, त्यामुळे कोपऱ्यातला सबवूफर कागदोपत्री शेजाऱ्यांच्या मोरीत उभा असतो.

हे सर्व साधल्यावर संच खरोखर बरा वाजतो. मात्र संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी घरातील आईंना रिसीव्हरचा रिमोट सापडत नाही, टीव्हीचा सापडतो. टीव्हीच्या पोटातले दोन चिमुकले स्पीकर मग बोलू लागतात, आणि एकाच कारखान्यात, एकाच ओहमचे जन्मलेले हे दोघेच त्या घरात तंतोतंत जुळलेले असतात.