आठ आण्यांचं आभाळ

गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनीकडे भाकितं आण्यांत होतात. पाऊस येईल का, असं विचारलं की माणूस आधी आभाळाकडे, मग आपल्या चपलेकडे बघतो आणि म्हणतो, "आठ आणे तं येन जी." म्हणजे येईलही, न येईलही; पण हे तो इतक्या जबाबदारीने सांगतो, की वेधशाळेचे टक्के त्यापुढे पोरकट वाटावेत. पंचांगाची तऱ्हा आणखी निराळी. मृगाचं वाहन म्हैस किंवा बेडूक निघालं की धानाच्या बांध्या न भरताच भरल्यासारख्या दिसू लागतात. मेंढा निघाला की घरातली बोलणी कमी होतात. लग्न यंदा काढायचं की पुढच्या साली, हे त्या मेंढ्याच्या चालीवर ठरतं. सरकारही याच वाटेचं. पिकाची पैसेवारी पन्नासच्या खाली उतरली की टंचाई, असा हिशेब बरीच वर्षं चालला. रेघ ओढली तीही नेमकी छापा-काट्याच्या मधोमध.

छाप्या-काट्याचा विषय निघालाच आहे, तर 9 मार्च 2025 चा चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना आठवतो. रोहित शर्मा नाणेफेक हरला. एकदिवसीय सामन्यांतली भारताची ती सलग पंधरावी. 32,768 त एकदा घडावी अशी गोष्ट. तिकडच्याच कोहमाऱ्याच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावून निवाडा दिला, "पुढची आपलीच. किती दिवस रुसन?" गणिताला विचाराल तर सोळाव्या खेपेलाही आठ आणेच. पण लागोपाठ कोरडी सालं काढलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगावं, की येणारं साल तुझं काही देणं लागत नाही? त्या स्पर्धेत भारत पाचही नाणेफेकी हरला आणि पाचही सामने जिंकला. म्हाताऱ्याने हे आपल्याच बाजूचा पुरावा म्हणून जमा करून घेतलं असणार.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, तर नशिबाची वाटणीच ठरलेली. 2014 ची बंदी उठायला डिसेंबर 2021 उजाडला. तेवढ्या वर्षांत बैल म्हातारे झाले, कारणं मात्र तरुणच राहिली. हरलेल्या जोडीचा मालक बैल कमी पडले असं कधी म्हणत नाही. ऊन डोळ्यांवर आलं, कुत्रं आडवं गेलं, कुणाची नजर लागली. असं सांगता सांगता तो बैलाच्या कपाळावरची धूळ आपल्या दुपट्ट्याने पुसत असतो. जिंकलेला मात्र नशिबाचं नावही काढत नाही. रात्री पटानिमित्तच्या नाटकाला दोघे एकाच मांडवात शेजारी शेजारी बसतात, आणि परवा पलीकडच्या गावात पाहिलेल्याच नाटकात नायिका आज तरी वाचते का, यावर चहाची पैज लावतात.