मस्तानी, वरून आइस्क्रीम घालून

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ साली आली, तेव्हापासून बाजीराव-मस्तानीसाठी हळहळायची आपली प्रथा अखंड चालू आहे. हळहळणाऱ्यांत मीही आहे. दोनदा वाचून दोनदा रडलोय. कादंबरीत आपण सगळे प्रेमाच्या बाजूचे असतो. आडवे येणारे भटजी आणि भाऊबंद कुणा दुसऱ्याचे पूर्वज!

राऊ, म्हणजे बाजीराव, मोहिमेवर असताना घरच्यांनीच मस्तानीला कैदेत टाकलं. एप्रिल १७४० मध्ये ते रावेरखेडीला वारले, पाठोपाठ तीही गेली. मुलाची मुंज लावायला पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला, असं सांगतात. तोच समशेरबहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि जखमांनी गेला. तिथे मात्र मुंज झालीय का, हे कुणी विचारलं नाही.

पुण्याने पुढे प्रायश्चित्त घेतलं, तेही झकास: घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, नाव मस्तानी. सोवळ्या घरांतही चालते. आंबा घातलेली तर सुनेपेक्षा लवकर स्वीकारली गेली.

खरीची कबर पाबळला आहे, पुण्याहून दीड-दोन तासांवर. रविवारी ग्लास रिकामा झाला, की गाडी तिकडेही वळवा.