जबड्याच्या कोपऱ्यावर ६.६२५ टक्के कर

गणपतीला अजून अवकाश आहे, पण न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी बायकांचे जबडे आत्तापासूनच कामाला लागले आहेत. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मोदकांच्या यादीखाली नोटीस पडली: 'चौकोनी चेहरा? घाबरू नका! मेकअप कार्यशाळा. जेवणाची सोय आहे.' तोवर कुणी घाबरलं नव्हतं.

कार्यशाळेत आधी शिवणाच्या टेपने मापं झाली. कपाळ, गाल आणि जबडा यांची रुंदी साधारण सारखी भरली की तुम्ही चौकोनी. १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये याच कामासाठी डोक्यावर चढवायचा, स्क्रूंनी आवळायचा धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा निघाला होता. तो काही चालला नाही. टेप चालते, कारण ब्लाउजच्या निमित्ताने तिची सवय असते.

मग इलाज. चेहरे नाना तऱ्हेचे असले तरी पास होतो तो एकच, अंडाकृती. बाकीच्यांनी तसं दिसायचं. चौकोनीने कानाखाली जिथे जबडा वळतो तिथे त्वचेपेक्षा दोन छटा गडद पावडर ब्रशने गोल गोल घासायची, कपाळाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवरही तेच. गडद ते मागे जातं, उजळ ते पुढे येतं. म्हणून हनुवटीला आणि कपाळाच्या मध्यावर चमक. गालाची लाली कानशिलाकडे तिरकी ओढायची, भुवयांना गोलसर कमान द्यायची. चमक चंद्रकोरीच्या वर लावायची की खाली, यावर दोन काकूंचं जे वाजलं, ते जेवणाच्या ताटापर्यंत पुरलं.

"दोन छटा गडद," असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या तेव्हा खोलीत कुणीच हसलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. याच बायकांच्या बॅगेतून दर दिवाळीला भारतातून गोरेपणाचं क्रीम येतं. म्हणजे मुळातली सावळी कातडी पुण्याच्या क्रीमने उजळायची आणि मग जर्सीच्या मॉलमधून डॉलर मोजून सावळेपणा डबीत आणून तिच्यावर थापायचा. तोही फक्त कोपऱ्यांवर. आणि न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, सौंदर्यप्रसाधनांवर आहे, ६.६२५ टक्के. ओक ट्री रोडवरून पैठणी घ्या, कर शून्य. जबडा लपवा, सरकारचा वाटा आधी काढून ठेवा.

बरं, हे सगळं दिसणार कुठे? सिनेमात दिवे हवे तसे लावतात, म्हणून तिथे ही सावली खरी वाटते. आमचा उत्सव हायस्कूलच्या कॅफेटेरियात. वरून ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड पडला की तीच सावली दोन दिवसांच्या दाढीच्या खुंटासारखी दिसते. नऊवारी, खोपा, नाकात मोत्यांची नथ आणि जबड्याला खुंट. गेल्या वर्षी आरतीनंतर एका वहिनींनी घाम टिपला, तर निम्मा जबडा पदराच्या काठावर आला. ड्रायक्लीनरने विचारलं, हळद आहे का? वहिनी म्हणाल्या, "नाही हो, कोपरा आहे."

पण माझा खरा राग कोपऱ्यावर नाहीच, तो कोपरा कुणाला शोभतो यावर आहे. हाच जबडा बाप्याच्या तोंडावर आला की तो करारी. हॉलिवूडचा नायक म्हणजे मुळात जबडाच, बाकीचा माणूस त्याला नंतर जोडतात. नसला तर इथले बाप्ये तो विकत घेतात. जबड्याची रेघ उठून दिसावी म्हणून सुईने भरायच्या जेलला अमेरिकेत २०२२मध्ये सरकारी मान्यतासुद्धा मिळाली. आणि बायका? त्याच दवाखान्यात चावण्याच्या स्नायूत बोटॉक्स टोचून घेतात, जबडा बारीक व्हावा म्हणून. म्हणजे भिंतीच्या अलीकडे नवरा कोपरे भरून घेतोय, पलीकडे बायको कोपरे झिजवून घेतेय, आणि बाहेर काउंटरवर दोघांची बिलं एकाच कार्डावर! अरे, मग मधली भिंत पाडा ना! हिचं काढा, त्याला लावा, घरातला माल घरात राहील. पण नाही. माझ्या आजीचा जबडा असाच होता, चांगला पाटासारखा. त्या जबड्यासमोर सावकार गप्प बसायचा. तो जबडा तीन पिढ्या सांभाळून, सातासमुद्रापार आणून, इमिग्रेशनच्या खिडकीतून सहीसलामत बाहेर काढला, तो काय तपकिरी पावडरीखाली गाडायला? त्या खिडकीला तरी चौकोनाचं वावडं नव्हतं. फोटोच दोन इंच बाय दोन इंच मागतात. त्यात अंडाकृती बसवा नाहीतर शंकरपाळी बसवा, बाजू चारही सारख्या.

हे सगळं मी कार्यशाळेत उभं राहून बोलले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे ताई, म्हणूनच पुढच्या रविवारी पुरुषांसाठी वेगळा वर्ग ठेवलाय. जबडा ठळक कसा करावा." काय लावणार, विचारलं. पावडर हीच. फक्त अर्धा इंच खाली, हाडाच्या बुडाशी. जोडप्याने नाव नोंदवलं तर सवलत आहे, आणि एका डबीत दोघांचं भागतं.