कधीपासून?

बदली झाली म्हटलं की चारचौघं विचारतात, "कुठे?" आमच्या एचआरमधले अण्णा विचारतात, "कधीपासून?" कुठे हा त्यांच्या लेखी किरकोळ प्रश्न. सातपूर काय, भोसरी काय, माणूस कुठंतरी असणारच. तारीख मात्र पक्की हवी. मुलीच्या लग्नाचे पेढे घेऊन कुणी आलं तरी अण्णा आधी तारीख विचारतात, मग पेढा उचलतात. वर, इथल्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याशिवाय सासरच्या कार्डात चढवायला जाऊ नका, हा सल्लाही फुकट देतात.

जुन्या कंपनीत असे एक अण्णा असतातच. टाइम ऑफिसात पंचिंग कार्डांच्या जमान्यात लागलेले, मस्टर पाहिलेले, एक्सेल पचवलेले. चष्मा कपाळावर आणि शोध टेबलावर. माणसांची नावं विसरतील, पण नंबर नाही. "417 ना? सातपूरला होता. बायकोची बँकेत बदली झाली म्हणून इकडे मागून घेतली. ऑर्डर जूनची, हजर झाला जुलैत. मधले दिवस रजेत टाकले होते, मीच."

अशा माणसाच्या राज्यात नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते बसवायला दोन तरुण कन्सल्टंट आले. पोरं हुशार, फक्त घाईत. "काका, जुनी हिस्ट्री कशाला? सगळ्यांना 1 एप्रिलला जॉईन दाखवू, आत्ताचं लोकेशन टाकू, विषय संपला."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. हे लक्षण वाईट. "म्हणजे बावीस वर्षं राबलेला माणूस एप्रिल फूल?"

पुढचा तास ग्रॅच्युइटीवर गेला. सलग पाच वर्षं नोकरी हवी, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, दिवसाचा पगार काढायला महिन्याला भागायचं सव्वीसने. आणि हे सगळं मोजायचं ते रुजू झाल्या तारखेपासून. ती तारीखच पुसलीत तर काय मोजणार, कपाळ? त्यातून आमच्या ग्रुपमध्ये एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत गेलेली माणसं बरीच. पोरांनी चाचणी म्हणून त्यांतल्या एकाला पहिल्या कंपनीत 'राजीनामा' आणि दुसरीत 'नवी भरती' असं चढवून पाहिलं. मशीनने आज्ञाधारकपणे त्याचा हिशेब चुकता करायला घेतला, उरलेल्या रजेचे पैसे काढले आणि ईमेल बंद करण्याची सूचनाही सोडली. तो बिचारा तेव्हा कँटीनमध्ये मिसळ खात होता. शेवटी पोरं नमली. प्रत्येक बदली स्वतंत्र ओळ, जुन्याकडून नव्याकडे, तारखेच्या क्रमाने.

मग अण्णा ओळींवर बसले. नवी जागा 1 जुलैपासून, तर जुनी 30 जूनला संपलीच पाहिजे, दोन्हीकडे 1 जुलै दिसला की, "एकाच दिवशी नाशकात आणि गुडगावात? नारदमुनी आहे का हा?" गुडगाववाल्यांवर त्यांची विशेष नजर. हरियाणात व्यवसायकर नाही. पण लोकेशन बदलायचं राहिलं तर त्या माणसाच्या पगारातून महाराष्ट्राचे दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जाणार, आणि तो फोन करणार अण्णांनाच. एक्सेलने कर्मचारी क्रमांकांपुढची शून्यं खाल्ली, ती त्यांनी परत बसवली. तारखांची भानगड याहून वाईट. मशीन अमेरिकन पद्धतीने आधी महिना वाचत होतं. तेरा किंवा त्यापुढच्या तारखा त्याने परत फेकल्या, म्हणून त्या सापडल्या. बाराच्या आतल्या गुपचूप आत शिरल्या आणि 4 जुलैला बदललेली माणसं 7 एप्रिललाच निघून गेली. पोरांच्या रिपोर्टवर सगळं हिरवंगार होतं. अण्णांनी रजिस्टर समोर ठेवून एकेक पकडली. खरं सांगायचं तर अण्णा छळतात. मी पेरोलला आहे, मला विचारा. पण माझा पगार कुणी तपासावा असं विचारलंत तर मी पोरांचं नाव घेणार नाही.

एका चुकीवर मात्र ते खूश झाले. बड्या साहेबांची बदलीची ओळ फाइलमध्ये खाली आणि त्यांच्या हाताखालच्यांची वर होती, म्हणून मशीनने सगळा गठ्ठा परत केला: मॅनेजर अस्तित्वात नाही. अण्णांनी त्याची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली सरकवली. साहेब आले की तिच्यावर चहाचा कप ठेवतात.

सॉफ्टवेअर सुरू झालं, पोरं गेली. परवा जूनअखेरीस एका साहेबांनी ऑर्डर पाठवली: अमुक यांची बदली 1 एप्रिलपासून. अमुक समोरच उभा, आदल्या दिवसापर्यंत जुन्या जागी काम केलेला. तीन महिन्यांचे पगार झालेले, पीएफ भरलेला.

"एप्रिलपासून गेलात म्हणे तुम्ही," अण्णा म्हणाले.

"मी इथेच होतो हो अण्णा."

"ऑर्डर म्हणते नव्हता." अण्णांनी कँटीनच्या कपातीची यादी पुढे ओढली, बोट खाली सरकवत नेलं आणि मान वर केली. "मग एप्रिल, मे, जूनची जेवणं कुणाच्या खात्यावर टाकू? तिकडचं खातं म्हणतं, आमच्याकडे हा माणूस जेवलाच नाही."

"इथल्याच टाका की."

"इथे तुम्ही नव्हतात," अण्णा म्हणाले आणि साहेबांना फोन लावला.