तात्यांचं कुंपण

मुंबईची नोकरी संपवून तात्या कायमचे देवरुखला आले आणि त्याच आठवड्यात गडग्यापुढे उभं राहून त्यांनी निकाल दिला, "हा कामाचा नाही." गडगा आजोबांच्या वेळचा, जांभ्याचा, कमरेएवढा. गुरं अडत होती. पण माणसं त्यावर कोपरं टेकून गप्पा मारता मारता आत बघतात, हे तात्यांचं दुःख. त्यांना झाडांचं कुंपण हवं होतं आणि अट एकच: आपण कुणाला दिसायचं नाही, आपल्याला मात्र सगळं दिसलं पाहिजे.

या अटीत बसणारं झाड शोधण्यात दोन पावसाळे गेले.

शेर कोकणात पूर्वापार चालत आलेला. फांदी खोचली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत. पण चीक डोळ्यांत गेला तर डोळेच जायची भीती. "आणि आपलं सगळं काम डोळ्यांचं," तात्या म्हणाले. करवंदीला काटे भरपूर, पण वैशाखात पोरं झोंबणार. म्हणजे ज्यांना बाहेर ठेवायचं त्यांनाच आवतण. बोगनवेल उन्हाच्या बाजूला फुलते आणि ऊन नेमकं शेजारच्या वहिनींच्या अंगणात. "खत आमचं, शोभा त्यांची?" जास्वंदीचा तर विषयच निघाला नाही. पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं खुडणारे गावात किती आहेत, हे तात्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? पिशवी त्यांचीही होती.

शेवटी कुंती ठरली. बारमाही हिरवी, दाट, पांढऱ्या फुलांना घमघमाट. कढीपत्त्याची जवळची नातेवाईक. लिंबाच्या झाडांना रोग पसरवणारी सिला नावाची कीड कुंतीवर पोसते, असं कुणीतरी बजावलं, तेव्हा तात्या क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "लिंबू वहिनींकडे आहे. आपल्याकडे कुठाय?"

त्या बाजूचा गडगा पाडला, चिरे विहिरीच्या कामाला लागले. मृगाचा पाऊस पडताच फूटभर अंतरावर, दोन नागमोडी ओळींत रोपं लागली. रोपवाटिकेतल्या पोराने सांगितलं, "तात्यानू, सुरुवातीपासून शेंडे मारा. दयामाया नको. तरच बुडातून फुटवा येतो आणि भिंत धरते." पण तात्यांना घाई उंचीची. शेंडा मारायचा म्हणजे वहिनींना आणखी वर्षभर आत बघू द्यायचं! कात्री कोनाड्यात गंजली.

चौथ्या वर्षी कुंती सात फूट झाली. वर इतकी गच्च की पलीकडचं काही दिसेना, त्यामुळे तात्यांनी कामाचा भार कानांवर टाकला. खाली मात्र गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या.

हल्ली वहिनींकडे पाहुणे आले आणि आवाज जरा खाली गेला, की काटक्यांमागे पंच्याचा काठ आणि दोन निळ्या पट्ट्यांच्या चपला येऊन उभ्या राहतात. पाहुणे चपापतात. वहिनी तांदूळ निवडता निवडता म्हणतात, "तात्या, डास फोडत असतील. चहा टाकलाय, या इकडेच."

चपला जागच्या हलत नाहीत. मग एक उचलते, अलगद, त्यामागून दुसरी, आणि पाचोळा न वाजवता दोघी विहिरीकडे निघतात.