पिस्तुलाच्या खिशांचे न्यायमूर्ती

“काकू, ती मेथी नंतर निवडा. आधी हे ऐका. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात स्टीफन फील्ड म्हणून एक न्यायमूर्ती होऊन गेला. 1849 साली सोन्याच्या हावेनं माणसं कॅलिफोर्नियात धावली, त्यात हाही. मेरीसव्हिलला पोचतो न पोचतो तोच गावचा न्यायाधीश! पिस्तुलं ठेवायला कोटाला खास खिसे शिवून घेतले होते त्यानं.”

“अगंबाई! जज्ज की दरोडेखोर?”

“पुढे राज्याच्या वरिष्ठ कोर्टात गेला. तिथला मुख्य न्यायमूर्ती डेव्हिड टेरी. त्यानं 1859 साली राजीनामा दिला आणि द्वंद्वयुद्धात एका सिनेटरला गोळी घातली. मेला बिचारा. टेरीची खुर्ची मिळाली फील्डला. चार वर्षांनी लिंकननं त्याला थेट सुप्रीम कोर्टात नेमलं.”

“आणि टेरी?”

“सुटला! पुढे वकिली करायचा. सारा अल्थिया हिल नावाची बाई त्याची अशील. शॅरन नावाच्या कोट्यधीशाची मी लग्नाची बायको, असा तिचा दावा. शॅरन वारला, तर वकिलानंच तिच्याशी लग्न केलं.”

“काय सांगतेस!”

“तेव्हा सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना फिरतीवर जाऊन खालचे खटलेही चालवावे लागत. 1888 साली नेमकं तिचं प्रकरण फील्डपुढे. निकाल विरुद्ध जातोय म्हटल्यावर भर कोर्टात उठून ‘कितीला विकला गेलास’ असं विचारलं तिनं! तिला बाहेर काढायला आलेल्या मार्शलचा दात टेरीनं पाडला. टेरीला सहा महिने तुरुंग, तिला एक. पुढच्या ऑगस्टात लॅथ्रॉप स्टेशनवर फील्ड न्याहारी करत होता. टेरीनं येऊन थोबाडीत दिली, तशी फील्डच्या अंगरक्षकानं गोळी झाडली. टेरी संपला. त्याच्याजवळ शस्त्रही नव्हतं हो.”

“मग अंगरक्षक फासावर?”

“छे! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, फील्ड तेवढ्यापुरता बाजूला बसला, आणि अंगरक्षक सुटला. फील्ड मात्र खुर्चीला चिकटलेला. म्हातारपणी बुद्धी साथ देईना, तेव्हा सहकाऱ्यांनी हार्लन नावाच्या न्यायमूर्तीला पाठवलं म्हणतात. तो म्हणाला, न्यायमूर्ती ग्रीअर थकले तेव्हा त्यांना ‘आता पुरे’ सांगायला तुम्हीच गेला होता ना? तर फील्ड कडाडला, त्याच्याइतकं घाणेरडं काम मी जन्मात केलं नाही! त्याला पूर्वीच्या मुख्य न्यायमूर्ती जॉन मार्शलचा 34 वर्षं खुर्चीवर राहण्याचा विक्रम मोडायचा होता.”

“मोडला?”

“मोडला, मगच 1897 मध्ये उठला.”

“त्यापेक्षा तुझा टेरी बरा म्हणायचा. खुर्ची तरी स्वतःहून सोडली मेल्यानं.”