म्हापशाचा शुक्रवार, अकरा वाजता

गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सकाळीच रंगात येतो. आसपासच्या गावांतून आलेल्या बायका पुढ्यात माल मांडून बसलेल्या असतात: मातीची मडकी, माडाचा गूळ, आमसुलं, सुकी सुंगटं आणि दोरीला टांगलेल्या चोरीसच्या लालभडक माळा.

‘अस्सल गोवा’ शोधणारा पर्यटक अकराला उगवतो. तोवर म्हापसेकर पिशवी भरून घरी पोचलेला असतो. पर्यटकाच्या वाट्याला उरतात ते इतर पर्यटक.

चोरीसची माळ तो आधी रुद्राक्ष पाहावा तशी निरखतो. फोटो काढतो, वास घेतो. आत डुकराचं मांस आणि व्हिनेगर आहे हे कळताच दोन पावलं मागे सरतो. फोटो मात्र ठेवतो. मग खाज्याकडे वळतो. बेसनाच्या कांड्या, वर गूळ, आलं, तीळ. जत्रेत पिढ्यान् पिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या या खाज्याला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्याने हॉटेलात वाचलेलं असतं.

‘‘हे मानांकनवालंच ना?’’

विकणारी मावशी कागदाच्या पुडीतून एक कांडी पुढे करते. ‘‘आदीं खा, मागीर विचार.’’

कॉफीचं बिल मुकाट भरून आलेला हा गृहस्थ मडक्यासाठी मात्र दहा रुपयांवरून पाव तास हुज्जत घालतो. भाव उतरतो. तेवढ्यात त्याला आठवतं, मडकं विमानात फुटेल. शेवटी गोव्याची आठवण म्हणून तो आरसेकाम केलेली राजस्थानी पिशवी घेतो.